हैबतीचा सत्कार

“‘...आणि त्या भित्र्या माणसाच्या भीतीनेच त्या दिवशी सारी वाडी वाचवली.’” चारुलताबाईंनी वाचता वाचता चष्म्यावरून पाहिलं. “कसं वाटतंय, हैबतीराव?”

हैबती बाईंच्या महाडच्या घरात सोफ्याच्या अगदी कडेला बसला होता. हातातला चहा तसाच होता आणि नजर छताकडे.

“बरं हाय, बाई.”

“तुमचं लक्ष कुठे आहे?”

“पंखा बंद करा त्यो,” शेजारून त्याची बायको बयाबाई म्हणाली. “मघापासून वर बगतायत. पडंल म्हनून.”

चारुलताबाई मनापासून हसल्या. उठून त्यांनी पंखा बंद केला. “हेच! हेच तर मला कथेत हवं होतं.”

हैबतीला त्या हसण्याचं काही वाटलं नाही. साठीला आला तरी लोक त्याला हसत आले होते. कुडपणच्या डोंगराखाली उंबरवाडी होती तेव्हा वाडीत भित्रा म्हणजे हैबती, हे लहान पोरांनाही ठाऊक होतं. ऐन विशीत चुलत्याने त्याला मुंबईला नेलं, तर लिफ्टच्या भीतीने तो आठवडाभरात परत आला. बैलाला घाबरायचा, तलाठ्याला घाबरायचा, वीज कडाडली की घोंगडीत शिरायचा. शेवटी ग्रामपंचायतीने त्याला वाडीच्या टाकीवर पाणी सोडायचं काम दिलं. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी टाकीत यायचं, सकाळी चावी फिरवायची, तासाभराने बंद करायची. त्यातही तो चावी नीट बंद झाली की नाही हे बघायला दुपारी पुन्हा डोंगर चढायचा.

मग काही वर्षांपूर्वी एका आषाढात डोंगर खाली आला. उंबरवाडी गेली. माणसं वाचली. एक सोडून सगळी. आता ती पोलादपूरच्या वाटेवर नव्या घरांत राहत होती. आणि माणसं वाचली ती हैबतीमुळे, असं लोक म्हणू लागले. आदल्या दिवशी टाकीत मातीचं लाल पाणी आलं तेव्हापासून तोच अस्वस्थ होऊन घरोघरी फिरत होता, उठा, वर चला म्हणत होता. ती बातमी महाडला चारुलताबाईंच्या कानावर गेली.

बाईंनी महाडच्या शाळेत हयातभर मराठी शिकवलं होतं. निवृत्तीनंतर त्या कथा लिहायच्या आणि सांगायच्याही. रायगड जिल्ह्यात त्यांच्या कथाकथनाला माणसं यायची. हैबतीला भेटायला त्या नव्या घरांपर्यंत दोनदा आल्या होत्या, चिखलातून, काठी टेकत.

“नायक म्हटलं की लोकांना छाती काढून चालणारा माणूस दिसतो,” त्या आत्ताही म्हणाल्या. “मी वर्गात वर्षानुवर्षं तसलेच नायक शिकवले. मला एकदा घाबरणारा माणूस नायक करायचा होता. अवघड असतं हो ते. वाचणाऱ्याला आधी त्याचं हसू यायला हवं आणि नंतर हसल्याचं वाईट वाटायला हवं.”

हैबतीने मान हलवली. दुपारी तीन वाजता वाचनालयाच्या सभागृहात बाई ही कथा सांगणार होत्या आणि शेवटी त्याला शाल-श्रीफळ मिळणार होतं. त्याची भीती त्याला सकाळपासून होतीच. स्टेजच्या पायऱ्या कशा असतील, तिथे काही बोलायला लावतील का.

“आता हे ऐका,” म्हणत बाईंनी पान उलटलं. “‘खंडू मात्र दारात उभा राहून हसत होता. जा रे भित्र्यांनो, तो म्हणाला, मला माझ्या म्हशी आहेत. डोंगर त्याच्या मागे गुरगुरत होता आणि खंडूला फक्त दुधाने भरलेल्या चरव्या दिसत होत्या...’”

हैबतीच्या हातातली बशी कलली. बयाबाईने ती काढून घेतली.

“बाई, ह्यो खंडू...” तो म्हणाला. “रावजी का?”

“त्याच्यावरून सुचलेला. नाव बदललंय मी.”

“रावजी तसा नव्हता.”

“मग कसा होता?”

हैबतीने तोंड उघडलं. काही आलं नाही. नेहमी तसंच व्हायचं. इथवर बोलणं आलं की तो उठून जायचा. वाडीतल्या लोकांनी विचारणं सोडून दिलं होतं.

बाईंनी कागद मांडीवर ठेवले. “मी तुम्हाला दोन्ही वेळा विचारलं, हैबतीराव. दोन्ही वेळा तुम्ही उठून गेलात. मग मी बाकीच्यांना विचारलं. तो तुम्हाला हसला होता ना?”

“हसला व्हता.”

“म्हशींसाठी मागे गेला?”

“गेला व्हता.”

“मग?”

हैबतीने दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, “तेजश्री येनार हाय.”

“कोण तेजश्री?”

“रावजीची लेक,” बयाबाई म्हणाली. “हितंच नर्स हाय, महाडात. ह्यांनीच फोन करून बोलावलंय तिला. सत्कार हाय, ये म्हनून.”

बाईंनी चष्मा काढून पुसला. “कथेत तिचा उल्लेख नाही. आणि हे बघा, एक माणूस उठून दिसायचा तर शेजारी दुसरा वेगळा लागतो. तो खंडू काढला तर तुमची भीती नुसती भीतीच राहते. तरी तुम्हाला काही सांगायचं असेल तर आत्ता सांगा. मी बदलते. खरंच बदलते.”

हैबती उठला. “जरा भाईर जाऊन येतो.”

बाहेर ऊन होतं. तो चालत सुटला. बाजारातून, भांड्यांच्या दुकानांसमोरून, कुणाचा धक्का लागला की दचकत. बयाबाई मागे. कुठे चाललाय हे तिने विचारलं नाही. एस.टी. स्टँड आल्यावर तो थांबला. पोलादपूरची गाडी लागलेली होती. कंडक्टर दारात उभा राहून शेवटच्या उतारूची वाट बघत होता.

हैबतीने दांडीला हात घातला. एक पाय पायरीवर ठेवला.

“पळायचं असंल तर पळू,” मागून बयाबाई म्हणाली. “मला सवय हाय तुमच्या संगं पळायची. लगीन झालं तवापास्नं पळतोय आपन.”

“ती पोर ऐकल तितं बसून.”

“ऐकल.”

“तिला काय वाटंल?”

“आता जे वाटतंय तेच वाटंल. बाप म्हशींसाठी मेला. समदी तसंच म्हनत्यात.” बयाबाई थांबली. “मी बी तसंच म्हनत आले. तुम्ही काय बोललाच नाय.”

कंडक्टरने बेल ओढली. “आजोबा, आत या नाय तर खाली उतरा!”

हैबती खाली उतरला. गाडी गेली. गाडी गेल्यावर त्याला वाटलं, बसायला हवं होतं. दुसरी गाडी कधी आहे हे तो फलकावर शोधू लागला, मग त्याला आठवलं की त्याला बारीक अक्षर दिसत नाही. तो बाकावर बसला, उठला, पुन्हा बसला. बयाबाईने वडापाव आणला, तो त्याने अर्धा खाल्ला.

“चला,” शेवटी ती म्हणाली. “निदान पोरीला दारातच गाठू. नको येऊ म्हनून सांगू.”

पण तेजश्री दारात नव्हती. ड्यूटीवरून थेट आली होती आणि आत बसलीसुद्धा होती, तिसऱ्या रांगेत, पर्स मांडीवर घेऊन. हैबतीला बघून तिने हात हलवला. तो तिच्याकडे निघाला, तेवढ्यात वाचनालयाच्या एका माणसाने त्याचा दंड धरला. “तुम्ही इकडे, इकडे! सत्कारमूर्ती वर!” आणि पायऱ्या किती आहेत हे कळायच्या आत तो स्टेजवरच्या खुर्चीत बसला होता.

सभागृह भरलं होतं. शिक्षक होते, दुकानदार होते, कॉलेजच्या मुली होत्या. अध्यक्षांचं भाषण झालं. मग चारुलताबाई माईकपाशी उभ्या राहिल्या. हैबतीकडे त्यांनी एकदा पाहिलं. त्याने काही तरी म्हणावं म्हणून थांबल्यासारख्या वाटल्या. तो स्टेजच्या पायऱ्या मोजत होता. त्यांनी सुरुवात केली.

बाई कथा फार छान सांगायच्या. लिफ्टला घाबरून पळून आलेला माणूस त्यांनी असा उभा केला की लोक पोट धरून हसले. टाकीत लाल पाणी आलं, तिथे त्यांनी आवाज खाली आणला आणि सगळे पुढे सरकून ऐकू लागले. हैबतीला नवल वाटत होतं. आपलंच सगळं, आणि तरी आपल्याला पुढे काय होणार याची धाकधूक.

मग खंडू आला. बाईंनी मान मागे टाकून खंडूचं हसणं हसून दाखवलं. रावजी अगदी तसाच हसायचा, घशातून, गडगडाट करत. बाईंनी ते हसणं कधी ऐकलंही नव्हतं. पहिल्या रांगेतले लोकही हसले.

हैबतीने तिसऱ्या रांगेत पाहिलं. तेजश्री हसत नव्हती. रडतही नव्हती. पर्सची चेन उघडत होती, लावत होती, उघडत होती.

“बाई, थांबा.”

बाई थांबल्या. सभागृहाला वाटलं हाही कथेचाच भाग आहे. एक-दोघांनी टाळ्या वाजवल्या. हैबती उभा राहिला होता. एका हाताने त्याने खुर्चीची पाठ धरली होती.

“बसा, बसा,” अध्यक्ष हळूच म्हणाले. “सत्कार शेवटी आहे.”

“बोलू द्या त्यांना,” चारुलताबाई म्हणाल्या आणि माईकसमोरून बाजूला झाल्या.

हैबती माईकपर्यंत गेलाच नाही. जिथे होता तिथूनच बोलला. मागच्या लोकांना सुरुवातीचं ऐकूही गेलं नाही.

“मी भितो. आता बी भितोय,” तो म्हणाला. “टाकीत पानी लाल आलं. मंग यायचंच थांबलं. डोंगर येनार, आसं मला काय कळलं नाय. लोकं म्हनत्यात हैबतीला कळलं. नाय कळलं. मला नुसती भीती वाटली. ती मला रोजच वाटती.”

कुणीतरी हसलं.

“घरोघरी गेलो. कोन उठलं नाय. का उठावं? माजं ऐकून वाडी उठाय लागली असती तर रोजच उठली असती. रावजी दारात व्हता. हसला. मोठ्यानं हसला, ह्या बाई हसल्या तसाच. मंग त्यानं माझ्या तोंडाकडं बगितलं.”

हैबती थांबला. बयाबाई दाराशी उभी होती. बसायला जागा असून बसली नव्हती. त्याने तिच्याकडे पाहत पुढचं सांगितलं.

“बगत राह्यला. हसायचा थांबला. म्हनला, हैबत्या, आज तू येगळा भ्यालास. येवढंच. मंग तो गेला घरोघरी. दारं ठोकली, शिव्या घातल्या, म्हाताऱ्यांना उचलून भाईर बसवलं. रावजी सांगतोय म्हटल्यावर उठली लोकं. माझं ऐकून वाडी नाय उठली. रावजीचं ऐकून उठली. रावजीनं तेवढं माझं ऐकलं.”

आता सभागृहात कुणी हसत नव्हतं. तेजश्रीचा हात चेनवर थांबला होता.

“समदी वर कुडपणच्या वाटंला लागली. मी नि रावजी मागं. टेपावर, त्या वरच्या उंचवट्यावर पोचलो नि तो म्हनला, ढोरं दाव्यालाच हायती. कुनाचीच कुनी सोडली नवती. धांदल व्हती. मी म्हनलो जाऊ नको. त्याचा हात धरला. तो म्हनला, तू हितं उभा रहा नि वरडत रहा. धुक्यात काय दिसत नाय. तुझा आवाज आला की मला कळंल वर कुटं यायचं.”

“मी वरडत व्हतो,” हैबती म्हणाला. “खाली जायची माझ्यात धमक नवती. वरडायची व्हती. रावजी, रावजी, करून वरडत व्हतो. मंग एक म्हस आली धुक्यातनं. सकपाळांची. दावं कोयत्यानं तोडलेलं. मागनं उतेकरांची. मंग आमची. मंग गाया. ढोरं माझ्या अंगावरनं वर गेली. समद्यांची आली. रावजीच्या तेवढ्या आल्या नाय.”

तो खुर्चीत बसला. मग बसल्या बसल्याच म्हणाला, “डोंगर पडल्याचा आवाज झाल्यावर बी मी वरडत व्हतो. मंग माझा आवाज गेला. महिनाभर नवता. आला तवर लोकांनी ठरवून टाकलं व्हतं.”

मागे कुणाचा तरी मोबाइल वाजला आणि बंद झाला. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं, चारुलताबाईंकडे पाहिलं. बाईंनी हातातल्या कागदांची घडी घातली.

“पुढचं मी आज सांगत नाही,” त्या माईकवर म्हणाल्या. “पुढचं मी लिहिलंय ते चुकीचं आहे.”

टाळ्या वाजवाव्यात की नाही हे लोकांना कळेना. मग वाचनालयाच्या माणसाने लगबगीने शाल आणली. हैबतीच्या खांद्यावर टाकली, हातात नारळ दिला, फोटो काढला. फोटोत हैबतीने डोळे मिटले होते.

कार्यक्रम संपल्यावर बाई त्याच्यापाशी आल्या. त्यांचा चेहरा उतरलेला होता. “हे मला सकाळी सांगायला हवं होतंत.”

“सकाळी तोंडात आलं नाय, बाई.”

“हं.” त्यांनी कागद पिशवीत टाकले. “मला अजूनही वाटतं, नायक तुम्हीच आहात.”

“तुमचं तुम्ही ठरवा. तुम्हाला कळतं त्यातलं,” हैबती म्हणाला. “पन रावजीला तसं नका हसवू.”

तेजश्री बाहेर फाटकापाशी उभी होती, बयाबाईबरोबर. बयाबाईने तिच्या पाठीवर हात ठेवला होता. हैबती आला तसं तिने विचारलं, “काका, बाबांनी आमच्या म्हशी शेवटी ठेवल्या होत्या?”

तिच्या डोळ्यांत जे होतं ते बघून हैबतीला हो म्हणावंसं वाटलं.

“ते मला दिसलं नाय, बाय. धुकं व्हतं. तुमचा गोठा पार खालच्या अंगाला. तिकडनं सुरवात केली नाय एवढं खरं. का नाय केली, ते त्याला ठावं.”

ती मान हलवत राहिली. “मी इतकी वर्षं बाबांवर रागावले होते. माहीत आहे? लोक म्हणायचे, म्हशींपुढं पोरीचाही विचार केला नाही. मलाही तेच वाटायचं. फोटोला हारसुद्धा घातला नाही मी कधी.” तिने नाक पुसलं. “वर आलेच नाही त्यानंतर.”

“ठावं हाय,” बयाबाई म्हणाली.

“आता कुणावर रागवू?”

रस्त्यावर संध्याकाळची गर्दी सुरू झाली होती. हैबतीची शाल सारखी घसरत होती. शेवटी त्याने ती काढून बयाबाईच्या पिशवीत कोंबली. तिघं स्टँडकडे चालू लागली. पोलादपूरची गाडी आली तशी तेजश्रीही त्यांच्यामागून चढली.

“अगो, तू कुटं?” हैबती म्हणाला. “उद्या ड्यूटी नाय तुझी?”

“दुपारची आहे.”

“अंगावरच्या कापडांनिशी?”

“काकीचं लुगडं नेसेन.”

पोलादपूरला गाडी बदलली. कुडपणच्या गाडीत माणसं ओळखीचीच होती. तेजश्रीला बघून ती जरा चपापली, मग सरकून त्यांनी जागा करून दिली. कुणी विचारलं नाही. कुणी तिला खारे दाणे दिले. ती खिडकीशी बसली, शेजारी हैबती, त्याच्या पलीकडे बयाबाई. नव्या घरांचा थांबा आला तसा कंडक्टरने बेलच्या दोरीला हात घातला.

“आमच्यासाठी नको थांबवू,” हैबती म्हणाला. “फुडल्या वळणापर्यंत जाऊ. परत खाली येताना हीच गाडी हाय.”

बयाबाईने त्याच्याकडे पाहिलं. त्या वळणाला नव्या घरांतलं कुणी जात नसे. जावंच लागलं तर तिथे गाडी आली की माणसं दुसऱ्या बाजूला बघायची, पोरांचे चेहरे पदराखाली घ्यायची. हैबती तर डोळेच मिटायचा.

घाट लागला. ऊन डोंगराच्या माथ्यावर तेवढं उरलं होतं. गाडी पहिल्या गिअरवर कण्हत चढत होती. वळण आलं आणि समोरचा डोंगर दिसला; माथ्यापासून पायथ्यापर्यंत उघडा पडलेला, लाल. मधेमधे आता गवत धरलं होतं.

गाडीतल्या बाकीच्यांनी माना दुसरीकडे फिरवल्या.

“काका,” तेजश्री म्हणाली, “बाबा कुठे होते?”

हैबतीने खिडकीतून हात बाहेर काढला. डोळे त्याने मिटले नाहीत. खाली, जिथे गवतही आलं नव्हतं तिथे, त्याने बोट रोखलं. तेजश्री त्या बोटाच्या रेषेत वाकून बघू लागली. गाडी वळली. डोंगर मागे गेला, मग झाडी आली, मग दगडी बांध आला. हैबतीचा हात तसाच बाहेर होता, आणि त्याने तो आत घ्यावा असं तिघांतल्या कुणालाच वाटलं नाही.